मोकळा ठेवलेला काठ

शिकागोच्या लेकफ्रंट ट्रेलवर चालताना एका हाताला क्षितिजापर्यंत मिशिगन सरोवराचे पाणी असते आणि दुसऱ्या हाताला, झाडांच्या विरळ रांगेपलीकडे, लेक शोर ड्राइव्हच्या आठ पदरी रस्त्यावर वाहने अखंड धावत असतात. साडेअठरा मैलांचा, म्हणजे जवळजवळ तीस किलोमीटरचा हा मार्ग उत्तरेला आर्डमोर रस्त्याच्या टोकाशी सुरू होतो आणि दक्षिणेला एकाहत्तराव्या रस्त्यापाशी संपतो. मध्ये पुळणी आहेत, शिडाच्या बोटींची बंदरे आहेत, बागा, मैदाने आणि संग्रहालये आहेत. पण काठावर यायला कुठे फाटक नाही आणि कुणी तिकीट मागत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळे निसर्गाचे देणे वाटावे, इतक्या सहजपणे ते समोर पसरलेले असते. प्रत्यक्षात यातले पाणी तेवढे निसर्गाचे आहे. बाकीचा काठ माणसांनी भराव टाकून, आपसांत भांडून आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवून उभा केला आहे, आणि हे कळल्यापासून मला तिथे चालायला अधिकच आवडू लागले आहे.

भांडणाचे मूळ १८३६ सालच्या एका नकाशात आहे. मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी यांना जोडणाऱ्या कालव्याच्या खर्चासाठी तेव्हा शहरातले भूखंड विकायला काढले होते आणि विक्रीच्या नकाशावर सरोवरालगतच्या पट्ट्यापुढे कालव्याच्या आयुक्तांनी एक नोंद करून ठेवली होती. ही सार्वजनिक जागा आहे, ती कायमची मोकळी राहील आणि तिच्यावर कोणतीही इमारत वा अन्य अडथळा येणार नाही, असा तिचा आशय होता. शहराची लोकवस्ती त्या वेळी काही हजारांच्या घरात होती, त्यामुळे हे लिहिताना कुणाला फार मोठा त्याग करावा लागला नसणार. खरी परीक्षा पुढे, जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर झाली.

१८५२ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेला किनाऱ्यासमोर, पाण्यात खांब रोवून, रूळ टाकायची परवानगी मिळाली, आणि त्या बदल्यात लाटा अडवणारा बांध घालायची जबाबदारी रेल्वेने घेतली. १८७१ च्या मोठ्या आगीत शहर जळाल्यानंतर जळक्या घरांचा राडारोडा रूळ आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्यात ओतला गेला. आज ग्रँट पार्कमध्ये ज्या हिरवळीवर लोक डबे उघडून बसतात, तिच्या खाली त्या आगीतल्या शहराच्या विटा आहेत. रेल्वेची भूक मात्र रुळांवर भागणारी नव्हती. १८६९ साली राज्याच्या विधिमंडळाने सरोवराच्या तळाची हजार एकरांहून अधिक जमीन रेल्वेच्या नावे करून दिली, चार वर्षांनी उपरती होऊन तो कायदा रद्द केला, आणि मग रेल्वे व राज्य यांच्यातला तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९२ मध्ये चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल लागला. सरोवराच्या तळाची जमीन राज्याकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, ती कुणा कंपनीला अशी देऊन टाकण्याचा अधिकार विधिमंडळालाही नाही, हे त्या निकालाचे सार. एका न्यायाधीशाचे मत फिरले असते तर मी आज चालते तो काठ कदाचित मालधक्क्याच्या आत असता. या निकालाचा आपल्याशीही संबंध आहे: १९९६ च्या डिसेंबरात, हिमाचलात एका मोटेलच्या सोयीसाठी बियास नदीच्या प्रवाहात ढवळाढवळ झाल्याच्या प्रकरणात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच विश्वस्ताचे तत्त्व आपल्या कायद्यात आणले आणि तसे करताना शिकागोच्या या खटल्याचा आधार घेतला.

निकाल लागला तरी शहराच्या कारभाऱ्यांची खाज काही गेली नव्हती. टपालाने माल विकून श्रीमंत झालेल्या ॲरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याची कचेरी मिशिगन ॲव्हेन्यूवर, त्या पट्ट्यासमोरच होती. खिडकीतून त्याला छपऱ्या, तबेले आणि कचऱ्याचे ढीग दिसत, आणि तिथे आणखी इमारती उभ्या करायचे बेत कानांवर येत. निकालाच्या दोन वर्षे आधीच, १८९० मध्ये, त्याने नकाशावरच्या त्या नोंदीच्या आधारे दावा लावला होता आणि पुढची दोन दशके तो लढत राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चार वेळा गेले, शेवटचा निकाल १९११ मध्ये आला, आणि चारही वेळा वॉर्ड जिंकला. गावातल्या वजनदार मंडळींनी त्याला प्रगतीच्या आड येणारा हटवादी ठरवले, कारण त्याने थेट फील्ड संग्रहालयासारख्या चांगल्या कामालाही ग्रँट पार्कमध्ये जागा मिळू दिली नाही. ते संग्रहालय शेवटी दक्षिणेला नव्या भरावावर उभे राहिले आणि १९२१ मध्ये तिथे उघडले. वॉर्डच्या हट्टात स्वतःच्या कचेरीसमोरचा देखावा वाचवण्याचा स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. पण सार्वजनिक हित राखायला निव्वळ निःस्वार्थी माणसांची वाट पाहत बसलो असतो तर जगातल्या बऱ्याच मोकळ्या जागा आज उरल्या नसत्या.

त्या पट्ट्यात एका इमारतीला मात्र समोरच्या मालमत्ताधारकांनी संमती दिली होती, ती म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदा याच इमारतीत झाल्या, आणि त्यांतल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंदांनी केलेले भाषण आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून घरोघरी पोहोचले आहे. २०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडले होते. शिकागोला येणारी मराठी मंडळी ही इमारत आवर्जून पाहतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तिच्या मागच्या अंगाने पंधरा मिनिटे पूर्वेकडे चालले की पाणी लागते, हे सांगावे लागते.

चालायला लागल्यावर हा सगळा इतिहास अर्थातच मागे पडतो. आईला पहिल्यांदा इथे आणले तेव्हा तिने तिच्या पद्धतीने सरोवराची परीक्षा घेतली होती. तिचे बालपण रत्नागिरीजवळ खाडीकाठी गेले असल्यामुळे पाण्याच्या बाबतीत तिला कुणी शिकवायची सोय नाही. समोर लाटा फुटत होत्या, पलीकडचा काठ दिसत नव्हता, गल पक्षी ओरडत होते, आणि ती नाक वर करून उभी होती. "अगं, ह्याला वास कसा नाही?" असे म्हणून ती काँक्रीटच्या पायऱ्या उतरून खाली गेली, वाकून तिने ओंजळ भरली, जिभेला लावली आणि माझ्याकडे वळून, काहीशा तक्रारीच्या सुरात, "अळणी आहे गं," असा निकाल दिला. मग ओहोटी कधी असते ते तिने विचारले. नसते म्हटल्यावर, म्हणजे असते पण डोळ्यांना कळण्याइतकी नसते असे सांगितल्यावर, तिचा या जलाशयावरचा विश्वास उडाला असावा, कारण त्यानंतर तिने पाण्याकडे पाठ करून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कुत्रे बघायला सुरुवात केली.

भरती-ओहोटी नसली तरी हे पाणी मुळीच गरीब नाही. वादळ सरोवरावरून वेगाने गेले की हवेच्या दाबाने आणि वाऱ्याने पाणी एका काठाकडे ढकलले जाते आणि मग भांड्यातल्यासारखे हिंदकळते. याला इथे सेश म्हणतात. २६ जून १९५४ रोजी असेच पाणी अवचित चढले आणि शिकागोच्या किनाऱ्यावर आठ जणांचा बळी गेला, त्यात माँट्रोझच्या धक्क्यावर मासे धरायला बसलेली माणसे होती. पातळीचेही तसेच. जानेवारी २०१३ मध्ये सरोवराने नीचांक गाठला होता, तेव्हा पुळणी रुंदच रुंद झाल्या होत्या. सात वर्षांत पाणी जवळजवळ सहा फूट चढले आणि ११ जानेवारी २०२० च्या वादळात लाटांनी मार्गाचे आणि बांधांचे जागोजागी लचके तोडले. शहर हेच पाणी पिते. मार्गावरून क्षितिजाजवळ ज्या बुटक्या, गोलसर इमारती पाण्यात उभ्या दिसतात, तिथून बोगद्यांवाटे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे येते, आणि आपलीच घाण आपल्याच पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून या लोकांनी १९०० साली अख्ख्या शिकागो नदीचा प्रवाह उलटा फिरवला. फार मोठा पाऊस पडला तर मात्र नदीची दारे सरोवराकडे उघडावी लागतात, आणि मग पुळणींवर पोहायला बंदी येते.

पुळणीवर बसून वाळू चाळायची सवय असेल तर बोटांना नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले लागतात. कडा धारदार असतात, अनवाणी चालणाऱ्याला त्या टोचतात. झेब्रा आणि क्वागा या जातींचे हे शिंपले परदेशी जहाजांच्या तळातल्या पाण्यातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट लेक्समध्ये शिरले आणि त्यांनी सरोवराचे तळ व्यापून टाकले. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा कितीतरी नितळ झाले आहे. उन्हाळ्यात धक्क्यावरून पाहिले तर तळाचे दगड मोजता येतील असे हिरवे-निळे पाणी दिसते आणि बघणारे खूश होतात. माशांच्या वाट्याचे अन्न त्या नितळपणात गेले आहे, हे धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना चांगले ठाऊक असते.

माँट्रोझ हा या काठाचा माझा सर्वांत आवडता भाग. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथे शेगड्या पेटतात, मेक्सिकन कुटुंबे तीन पिढ्यांसह झाडांखाली ठाण मांडतात, बर्फाच्या कांड्या विकणारे घंटा वाजवत गाड्या ढकलतात. मागे एक गवताळ टेकडी आहे, तिचे नाव चक्क क्रिकेट हिल, आणि तिच्यावर लोक क्रिकेट सोडून सगळे करतात: वसंतात पतंग उडवतात, हिवाळ्यात घसरगाड्यांवरून पोरे खाली सोडतात. पलीकडे पाण्यात घुसलेल्या टोकावर झुडपांची एक रांग आहे. शीतयुद्धाच्या काळात इथे लष्कराचा तळ होता आणि बराकी झाकण्यासाठी लावलेले हे कुंपण लष्कर गेल्यावर तसेच राहिले. रात्रभर उडून थकलेले स्थलांतरी पक्षी पहाटे शहराच्या सिमेंटमधला हा हिरवा ठिपका हेरून उतरतात, आणि आजवर तीनशेहून अधिक जातींची इथे नोंद झाली आहे. मे महिन्यात गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे त्या झुडपांपुढे इतक्या भक्तिभावाने उभी असतात की शेजारून जाताना आपलीही चाल मंदावते.

२०१९ मध्ये या पुळणीवर पायपिंग प्लोव्हरच्या एका जोडीने घरटे केले. चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा हा पक्षी ग्रेट लेक्सच्या परिसरात इतका दुर्मीळ झाला आहे की त्या वेळी त्याच्या सत्तरेक जोड्याच उरल्या होत्या. शहराने जोडीला माँटी आणि रोझ अशी नावे ठेवली, स्वयंसेवकांनी पाळ्या लावून घरट्यावर पहारा दिला, आणि ऑगस्टमध्ये त्या पुळणीवर होणारा मोठा संगीत महोत्सव रद्द करावा लागला. हजारो तिकिटांचा कार्यक्रम दोन मूठभर पक्ष्यांसाठी गुंडाळला जावा, याचा तेव्हा काहींना राग आला. मला तो या काठाच्या जुन्या वहिवाटीला धरून झालेला निर्णय वाटला.

ही वहिवाट मोडल्याची किंमतही पक्ष्यांनीच चुकवली आहे. दक्षिणेला तेविसाव्या रस्त्याच्या आसपास मॅककॉर्मिक प्लेस हे प्रचंड प्रदर्शन केंद्र अगदी पाण्यालगत उभे आहे. १९६० मध्ये बांधलेली पहिली इमारत १९६७ च्या आगीत जळाली, तेव्हा ती पुन्हा काठावर उभारू नये असे अनेकांचे म्हणणे होते. १९७१ पर्यंत त्याच जागी दुसरी, काळ्या पोलादाची आणि काचेची, उभी राहिली. ४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री स्थलांतराचा मोठा लोट आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एका इमारतीच्या काचांवर आपटून मेलेले जवळजवळ हजार पक्षी उचलावे लागले. पुढच्या वर्षी काचांवर बारीक ठिपक्यांचा पापुद्रा लावला गेला आणि मृत्यू फार घटले. उपाय इतका साधा होता, हे वाचून दिलासा मिळण्याऐवजी मला चीडच आली.

पंचावन्नाव्या रस्त्यापाशी प्रोमोंटरी पॉइंट येतो. १९३० च्या दशकात पाण्यात भराव टाकून हे टोक तयार केले आणि आल्फ्रेड कॉल्डवेल या उद्यानरचनाकाराने मधोमध कुरण, कडेने झाडे आणि शेकोटीभोवती बसायला दगडी वर्तुळे अशी त्याची आखणी केली. पाण्याच्या बाजूला चुनखडीच्या अवजड शिळांच्या पायऱ्या आहेत. लाटांनी खालची माती धुऊन नेल्यामुळे त्यांतल्या काही कलल्या आहेत, काही सरकून एकमेकींवर रेलल्या आहेत. उन्हात तापलेल्या शिळेवर पाठ टेकली की कपड्यांतून ऊब आत येते आणि फटींतून पाणी चुबुकचुबुक वाजत राहते. शहराच्या बाकीच्या काठावर अशा जुन्या बांधांच्या जागी काँक्रीटच्या सरळसोट पायऱ्या आल्या, इथेही येणार होत्या, पण आसपासच्या रहिवाशांनी २००१ पासून ते रोखून धरले, आणि २०२३ मध्ये या टोकाला शहराच्या वारसास्थळाचा दर्जा मिळाला. काँक्रीटची माझी तक्रार फारशी नाही, वादळे ते थोपवते. पण त्याच्यावर कुणी पुस्तक घेऊन तासभर आडवे पडल्याचे मला आठवत नाही.

हिवाळ्याविषयी इथले लोक मोठ्या अभिमानाने कुरकुर करतात. जानेवारीत लाटांचे तुषार कठड्यांवर थराथराने गोठतात, आणि शांत दिवशी बर्फाच्या गोल चकत्या पाण्यावर एकमेकींना घासत फिरतात, त्यांच्या कडा तव्यावर फुगू लागलेल्या भाकरीसारख्या उचललेल्या असतात. अशा दिवशी मार्गावर चालणारी दहा-बारा माणसे एकमेकांना मान लववून जातात, जी उन्हाळ्यात सायकलींच्या घंटांमध्ये एकमेकांकडे बघतही नाहीत. सायकलवाले आणि पायी चालणारे यांच्या वाटा २०१८ मध्ये एका धनिकाच्या सव्वा कोट डॉलरच्या आसपासच्या देणगीतून वेगळ्या झाल्या, हे फार चांगले झाले. २०२० च्या मार्चअखेरीस महासाथीमुळे सगळा काठ बंद केला आणि जूनच्या २२ तारखेपर्यंत मार्गावर जाता येईना, तेव्हा पोलिसांच्या अडथळ्यांपाशी उभे राहून नुसते पाण्याकडे पाहणारी माणसे मी रोज पाहत असे.

मोकळा काठ सर्वांना सारखा मोकळा होता, असे मात्र नाही. भरावाने तयार झालेली ही जमीन आमच्या पूर्वजांनी करारात कधी दिलीच नव्हती, कारण तेव्हा तिथे पाणी होते, असा दावा पोटावाटोमी या मूळ अमेरिकी आदिवासी लोकांच्या पोकॅगन शाखेने लावला होता. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दोनच वर्षांनी, २७ जुलै १९१९ रोजी, यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा तराफ्यावर तरंगत एकोणतिसाव्या रस्त्यासमोरच्या, गोऱ्यांनी आपल्या समजलेल्या पाण्यात गेला. काठावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायचे नाकारल्यावर दंगल पेटली आणि तीत अडतीस माणसे मेली, त्यांतली तेवीस कृष्णवर्णीय होती. मार्गालगत एका दगडावर याची छोटी पाटी आहे. वेगात जाणाऱ्या सायकलवरून ती दिसत नाही.

मार्गाचे दक्षिण टोक ज्या साउथ शोर केंद्रापाशी येते, ती वास्तूही एके काळी श्रीमंतांचा क्लब होती, आणि तिथे कृष्णवर्णीयांना व ज्यूंना सभासदत्व नव्हते. १९७० च्या दशकात ती शहराच्या उद्यान विभागाकडे आली, पाडायचे घाटत असताना आसपासच्या लोकांनी ती वाचवली, आणि १९९२ मध्ये बराक आणि मिशेल ओबामांच्या लग्नाचा स्वागतसमारंभ तिथेच झाला. तिच्या पुढे मात्र आखलेली वाट संपते. आणखी दक्षिणेला १९९२ मध्ये बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची शेकडो एकर जमीन पाण्याला लागून पडून होती, तिच्यातला मोठा भाग भट्ट्यांतली मळी सरोवरात टाकूनच तयार झाला होता, आणि आता त्या जागेवर क्वांटम संगणकांचे संकुल उभे राहत आहे. उत्तरेच्या टोकाला पाण्याला भिडलेल्या उंच इमारतींमुळे मार्ग लांबवणे अवघड आहे, हे समजण्यासारखे आहे. दक्षिणेला ती सबब चालणार नाही, कारण तिथे बांधकाम आत्ता होत आहे आणि काठाचा पट्टा आत्ताच आखून घेता येतो. जुन्या कारखान्याच्या काँक्रीटच्या भिंतींजवळ कामगारांच्या स्मरणार्थ एक बाग झाली आहे, तिथून शहराच्या मध्यभागातल्या इमारती फार वेगळ्या दिसतात असे ऐकते. या उन्हाळ्यात तिथे सायकलने जायचा बेत आहे. शेवटचे दोनेक मैल ट्रकच्या रहदारीतून काढावे लागतील.